वखार चालू आहे, सबब बदली नाही

मालवण बंदर, कंपनीची वखार.
शिमगा सरला, पण वाडीतले ढोल अजून थांबलेले नाहीत.

सौ. सुभद्रा हिस आत्मारामाचे अनेक आशीर्वाद. चि. बाबली, सूनबाई प्रेमलता आणि नातू यांनाही मनापासून आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कसलं क्षेम ते पुढे कळेलच.) तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? मुंबईत जिने फार, आणि तुला चाळीच्या नळावर जाऊन चार बायकांशी बोलल्याशिवाय करमत नाही हे मला माहीत आहे. तरी उठता बसता जपावं. नातवाला दात आले का? आले असतील तर पहिला चावा कुणाला घेतला ते कळव. सूनबाई, पत्र नेहमीप्रमाणे तूच सासूला वाचून दाखवशील, म्हणून तुला आधीच सांगतो. दुपारी, बाबली कचेरीत असताना वाच. आणि कंसातला मजकूर मोठ्याने वाचायचा की नाही ते तुझं तू ठरव. माझं पत्र कंसाबाहेर नीट चालतं, कंसात गेलं की घसरतं.

आता हकिगत. आपल्या श्रीभार्गव ट्रेडिंग कंपनीला गेल्या वर्षापासून एक नवा चाळा लागला आहे. बाबली त्याच कंपनीत मुख्य कचेरीत कारकून असल्यामुळे तुझ्या कानावर आलंच असेल, पण तो सांगतो तेव्हा तू भाजी निवडत असतेस, म्हणून पुन्हा सांगतो. पूर्वी आपल्या बंदरातून सुंभ, आमसुलं, काजूबी गलबतांनी मुंबईला जायची आणि तिकडून गूळ, साखर, रॉकेलचे डबे यायचे. आता ट्रका घाट उतरून थेट दुकानाच्या दारात उभ्या राहतात. तेव्हा किनाऱ्यावरच्या वखारी ओस पडायला लागल्या आणि मालक हवालदिल झाले. मग कुणा शहाण्याने त्यांना सांगितलं की नफा वाढवायला नवीन काही घ्यायला नको, आपलंच जे जिथे नुसतं पडून आहे ते तिथून उचलावं आणि जिथे कमाई करील तिथे नेऊन ठेवावं. ऐकायला किती सोपं! तेव्हापासून कंपनीचं सामान तीर्थयात्रेला निघाल्यासारखं किनाऱ्यावर फिरतं आहे. देवगडची शिडी रत्नागिरीला गेली, रत्नागिरीचं कपाट मुंबईला गेलं. आपल्या वखारीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडून जमाना झाला होता. ते इथे उपयोगाचं नाही असं ठरवून विजयदुर्गला नेलं. तिथेही ते बंदच आहे, पण आता ते विजयदुर्गच्या खात्यावर बंद आहे.

हा चाळा कंपनीपुरता राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण आपला बाबली चतुर्थीला घरी आला तो कंपनीची नजर घेऊनच आला. ओसरीवर बसून त्याने घरभर डोळे फिरवले. मला वाटलं, पोराला घराची ओढ लागली. तो बघत होता काय काय रिकामं पडलंय ते! जाताना तुझं मोठं तांब्याचं तपेलं नेलं, शिवणाचं यंत्र नेलं, आणि मग तुला म्हणाला, "आये, तू हय दिवसभर करतंस काय? थय प्रेमलता एकटीच आसा." झालं. पावसाळा संपून आगबोट सुरू झाली आणि पहिल्या बोटीने तू गेलीस. सूनबाईला आई नाही, पहिलं बाळंतपण, तेव्हा तू जायलाच हवं होतंस. मीच तुझी ट्रंक उचलून होडीत ठेवली. (सूनबाई, हे मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर माझा राग नाही. राग असलाच तर आगबोटीवर आहे, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.)

तू गेल्यावर मात्र मला कळायला लागलं, की बाबलीला जी रिकामी दिसत होती ती बाई सकाळपासून काय काय करत होती. शेजारची कोंबडी आपल्याकडे येऊन अंडं घालायची ती तुझ्या हाकेमुळे. वाडीतली निम्मी भांडणं आपल्या पायरीवर मिटायची. आता ती मिटत नाहीत, माझ्याकडे येतात, आणि मी दोन्ही बाजूंना तुमचं बरोबर म्हणून सांगतो, त्यामुळे ती वाढतात. स्वयंपाक मी शिकलो आहे. भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो, मधला तेवढा खातो. सोलकढी करायला गेलो तर तिचा रंग असा उतरला, की मांजराने वास घेऊन माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. कुणकेश्वरच्या जत्रेला गेलो होतो. तुला आवडतं म्हणून सवयीने खाजं घेतलं आणि घरी आल्यावर दाराबाहेरूनच तुला हाक मारली. मग कुलूप माझ्याच हाताने काढलं. खाजं मुंग्यांनी खाल्लं. संध्याकाळी दिवा लावल्यापासून सकाळी वखार उघडेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कधी कधी घसा खाकरून बघतो, आवाज शाबूत आहे ना म्हणून. सुभद्रा, मला तुझ्याशिवाय घरात राहवत नाही. (सूनबाई, इथे थांबून सासूकडे बघ. हसली तर पुढे वाच. नाही तर आधी चहा करून दे.)

तर अशा अवस्थेत शिमग्याच्या आधी कंपनीचं पत्र आलं, की मुख्य कचेरीतले दिघे साहेब किनाऱ्यावरच्या वखारी पाहायला येत आहेत. ज्या वखारीत काम उरलं नाही ती बंद होईल आणि तिथल्या माणसाला मुंबईच्या मोठ्या वखारीत नेमलं जाईल, कारण तिथे अनुभवी माणसांचा तुटवडा आहे. मी ते पत्र वाचलं आणि खरं सांगतो, आनंदाने गोणीवर बसलो. नोकरी सोडून मुलाच्या खोलीत खायला बसणं माझ्या हातून व्हायचं नाही हे तुला ठाऊक आहे. पण कंपनीनेच उचलून मुंबईला ठेवलं तर माझी मान ताठ राहील. चाळीत एखादी खोली मिळेल, नसली तर गॅलरीत झोपेन, पण सकाळी तुझ्या हातचा चहा पिऊन कामाला जाईन. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. साहेबांना मी रिकामा दिसायला हवा होतो.

आयुष्यभर मी साहेब येणार म्हटलं की झाडलोट करत आलो. या वेळी उलट सुरू केलं. कोळिष्टकं होती ती राखली. दाराच्या बिजागरीला तेल घालायचं सोडलं, ती आता अशी रडते की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. वखारीतली मांजरी, आपली बिल्ली, मोठ्या तराजूच्या पारड्यात व्याली होती, तिला हलवलं नाही. माझा विचार असा, की ज्या वखारीच्या तराजूत मांजराची पिल्लं डोळे उघडतात तिथे धंदा नाही, हे मुंबईच्या माणसालाही समजावून सांगावं लागू नये. महादू हमालाला मी सांगून टाकलं, की त्या दिवशी येऊ नकोस. स्वतःसाठी आमसुलांच्या रिकाम्या टोपल्यांच्या मागे पथारी घातली. साहेब येतील तेव्हा मी तोंडावर जुनं वर्तमानपत्र घेऊन घोरत असणार होतो. घोरायचा सरावही केला. (तू म्हणायचीस मला सरावाची गरज नाही. जागेपणी घोरणं फार कठीण आहे, करून बघ.)

सगळं जमून आलं होतं. बिघडवलं ते मीच, आणि तेही सुरमईच्या तुकड्यावरून. हौसाबाई सकाळी मासळीची पाटी घेऊन दारात आली. मी भाव न करता तुकडा घेतला. तिला संशय आला. म्हणाली, "भाऊ, आज खूब खुशीत दिसतास. काय गजाल?" आनंद झालेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. मी सांगितलं, "मुंबैचो सायब येतलो. वखार रिकामी दिसली तर माका मुंबैक नेतलो." मला वाटलं ती म्हणेल बरं झालं. तिने पाटीवर फडकं टाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि उरलेली मासळी न विकता तशीच गावात गेली. हौसाबाई मासळी न विकता चालायला लागली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दुपारपर्यंत बंदरभर झालं, की मुंबईची कंपनी आत्माराम भाऊंना या वयात उचलून नेते आहे. आपल्या गावात मुंबईला जाणं म्हणजे पोरांनी जायचं. मिशा पिकल्यावर कुणी नेलं तर ते संकट. मी घसा फोडून सांगत होतो की अरे, मला चालेल. पण माझ्या चेहऱ्याकडे बघून सगळे म्हणायचे, बिचारा आमच्या जिवाला लागू नये म्हणून असं बोलतो. महादूने तर डोळे पुसले. "भाऊ, तुमी नुसते बसान रवा. आमी आसव मां!" म्हणून माझी पाठ थोपटली. हमालाचा हात तो, अजून दुखतं.

आणि मग त्यांनी ते केलं जे फक्त आपले लोक करतील. अर्ज नाही, विनंती नाही, सरळ देवळात नेलं मला. गावाचे मानकरी धोंडू गावकरांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, बारा वाडयेच्या धन्या, ह्या तुझा लेकरू आत्माराम. ह्येका मुंबैची कंपनी उचलून नेवक बघता. तिची नजर फिरव, ह्येची वखार भरलेली दिसां दे रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "होय म्हाराजा!" आता तू सांग, देवाच्या पुढ्यात, गावाच्या मधोमध उभा राहून मी काय म्हणणार होतो? मीही म्हटलं, होय महाराजा. माझ्याच मुंबईविरुद्ध मीच हात जोडून उभा! मनातल्या मनात देवाला सांगत होतो, की बाबा, माझं वेगळं गाऱ्हाणं आहे, ते नंतर ऐक. पण एवढ्या घोळक्यात त्याला एकट्याचं कसं ऐकू जाणार? कौल लावला. एरवी आपला देव लग्नाचा कौल द्यायलासुद्धा लोकांना ताटकळत ठेवतो. या वेळी उजव्या अंगाची, होकाराची, पाकळी देवाला लावली न लावली तोच पडली. लोकांनी मला मिठ्या मारल्या.

साहेबांच्या दिवशी मी पहाटेच जाऊन पथारीवर आडवा झालो. डोक्यात एवढंच, की आपण घोरत राहायचं. पण साहेबांची एस. टी. यायच्या कितीतरी आधी गाव आलं. महादूबरोबर बंदरावरचे झाडून सगळे हमाल, भाईच्या हॉटेलातले चहाला बसणारे लोक (यांनी जन्मात स्वतःच्या कपाशिवाय काही उचललेलं नाही), हौसाबाई आणि तिच्या सुना. प्रत्येकाने घरातल्या गोणीत हाताला लागेल ते भरून आणलेलं, बहुतेकांनी नारळ सोलून उरलेली सोडणं. माझी कोळिष्टकं एका फटक्यात गेली. बिजागरीत खोबरेल तेल पडलं. बिल्लीची पिल्लं टोपलीत घालून भाईच्या भटारखान्यात रवाना झाली, आणि बिल्ली इतकी ओरडली की मला तिच्यात सामील व्हावंसं वाटलं. मला बखोटीला धरून उठवलं, अंगात कोट चढवला आणि कानावर पेन्सिल खोचली.

दिघे साहेब माणूस भला. पातळ, चष्म्याचा, घामाने भिजलेला. दारासमोर बाकावर बसले आणि बघत राहिले. माणसं रस्त्याच्या दाराने गोणी घेऊन आत येत होती, आणि समुद्राच्या दाराने बाहेर पडत होती. बाहेर पडून भाईच्या हॉटेलच्या मागून फिरून तीच माणसं त्याच गोणी घेऊन पुन्हा रस्त्याच्या दाराने आत! देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तशी. साहेब मला म्हणाले, "माल इथे थांबतच नाही की हो!" मी म्हटलं, नाही साहेब, कुठेच थांबत नाही. त्यात मी एक शब्द खोटा बोललो नाही. सोडणांची गोणी हलकी असते, आणि महादूने उत्साहाच्या भरात एक गोण दोन बोटांवर उचलली. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. भाईने लगेच त्यांना चहा दिला आणि त्यांचं तोंड दुसरीकडे वळवलं.

एकदाच धरले गेलो असतो. त्यात एक गोण होती आपल्या घरची. तू जुन्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलेलं, तीच. ते लुगडं तू बाबलीच्या मुंजीत नेसली होतीस, आणि फाटल्यावरही टाकवेना म्हणून गोणीला लावलंस. महादूने न विचारता माझ्या ओसरीवरून उचलून आणली होती ती. ती समोरून गेली आणि मी बोलताना अडखळलो. साहेब काहीतरी विचारत होते आणि मी ठिगळाकडे बघत होतो. ती आत गेली. मी समुद्राच्या दाराकडे बघायला लागलो. थोड्या वेळाने ती परत रस्त्याच्या दारातून आली. तुला काय सांगू, ती गोण दिसली की बरं वाटायचं आणि गेली की मी पुढच्या फेरीची वाट बघायचो. माझ्या तोंडावरूनच साहेबांना शंका आली असावी. म्हणाले, "ही हिरव्या ठिगळाची मघाशी गेली नव्हती का?" महादू जागच्या जागी थांबून म्हणाला, "सायबानू, हय सगळ्याच गोणींक हिरवा ठिगळ आसता." साहेबांनी मान डोलावली आणि तशी नोंद केली. मालवणच्या गोणींना हिरवं ठिगळ असतं, हे आता मुंबईच्या कचेरीत कायमचं नमूद झालं आहे.

संध्याकाळी साहेब आगबोटीने मुंबईला गेले. त्यांनी आपलं मत पक्कं केलं, की सगळ्या किनाऱ्यावर चालती वखार एकच, मालवणची, आणि इथला माणूस हलवणं म्हणजे कंपनीचं नुकसान. वेंगुर्ल्याचे बाळा शिरोडकर मात्र आदल्याच दिवशी सापडले. बिचाऱ्याने साहेब येणार म्हणून वखार धुऊनपुसून लख्ख केली होती, सगळा माल वेळेवर रवाना केला होता, आणि स्वतः स्वच्छ टेबलामागे हात बांधून उभा होता. साहेबांना काय दिसलं? मोकळी जागा आणि मोकळा माणूस! मुंबईच्या मोठ्या वखारीत त्याला नेमलं. ज्याला वेंगुर्ल्याच्या वेशीबाहेर झोप लागत नाही, तो तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर गेला. आणि मी इथे आहे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण कंपनीचा नियम बघ. जिथे काम आहे तिथे रिकाम्या जागेचं सामान पाठवायचं. वेंगुर्ल्याच्या हातगाड्या आल्या. देवगडचा तराजू आला. विजयदुर्गहून आपलं घड्याळ परत आलं, अजून बंद आहे. एवढं सामान आल्यावर ते चालतं ठेवायला माल नको? तर गावात धोंडू गावकरांनी सांगितलं, की देवाने वखार भरलेली दाखवली, आता ती रिकामी ठेवली तर देव खोटा पडेल. त्या धाकाने लोक खरोखरच आमसुलं, सुंभ, काजूबी घेऊन माझ्याकडे यायला लागले. ट्रकवाल्यांकडे जाईनात. कंपनीकडून मला शाबासकीचं पत्र आलं आहे. सुभद्रा, मला मान वर करायला फुरसत नाही. आगबोट येते तेव्हा मात्र हातातलं टाकून धक्क्यावर जातो. महादूला सांगतो, कंपनीचं पार्सल आहे. होडीतून माणसं उतरून संपेपर्यंत उभा असतो. पार्सल बहुतेक नसतंच.

परवा हौसाबाईशी भांडायचं ठरवूनच दारात बसलो होतो. आली तशी तिला म्हटलं, की बाई, तू माझं वाटोळं केलंस. मला जायचं होतं. माझी बायको तिकडे, मी इकडे. तुला कुणी सांगितलं होतं गाव गोळा करायला? तिने पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता ही दोन हात करणार. ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी थय गेलास काय घराक कुलूप पडतला. आणि एकदा कुलूप पडला काय वयनी परत येतली खंय? तुमी हय आसास म्हणान ती एक दिवस येतली तरी." म्हणजे ही सगळी माणसं माझ्यासाठी सोडणं वाहत नव्हती. तुझ्यासाठी वाहत होती. मी बांगड्यांचा वाटा घेतला, दोन माणसांपुरता घेतला हे चुलीपाशी गेल्यावर लक्षात आलं.

असो. बोटीची वेळ झाली आहे, टपालाची पिशवी बांधत आहेत, तेव्हा लेखणी आवरती घेतो. सर्वांनी प्रकृतीस जपावं. थंड पाणी पिऊ नये. नातवाच्या कानात माझं नाव सांगत जा, नाही तर मला बघून भोकाड पसरायचा.

आत्माराम

ता. क. बाळा शिरोडकरांना रविवारी जेवायला बोलाव. माणूस एकटा आहे आणि मुंबईच्या खाणावळीतली कढी पिऊन रडकुंडीला आला असेल. त्याला तिरफळं घातलेल्या बांगड्यांचं तिखलं कर. तो खाताना मध्येच थांबला तर काही विचारू नकोस.

ता. क. टपालवाला अजून पिशवी बांधतोच आहे, म्हणून लिहितो. वर मी म्हटलं की साहेबांनी मत पक्कं केलं, मला हलवलं नाही. ते पूर्ण खरं नाही. धक्क्यावर होडीत पाय ठेवताना साहेब वळले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुमची वखार चालती आहे हे खरं, पण मुंबईला मला तुमच्यासारखाच माणूस हवाय. शिरोडकरांचं मी अजून कळवलेलं नाही. बोला, येता का?" साहेबांनी मला विचारलं, सुभद्रा. तोंडाने विचारलं. मी मागे बघितलं. महादू घामाने निथळत होता. भाईच्या हॉटेलातले ते ऐतखाऊ लोक कंबर धरून उभे होते. हौसाबाईने हात जोडले होते, मला नव्हे, देवळाच्या दिशेला. आणि माझ्या तोंडून गेलं, "नको साहेब, इथेच बरं आहे." होडी सुटली. मी ओरडून शब्द मागे घ्यावा म्हणून तोंड उघडलं, तर सगळ्यांना वाटलं मी साहेबांचा जयजयकार करतो आहे, आणि त्यांनी माझ्या आधी केला. (सूनबाई, हे बाबलीला सांगू नकोस. सासूला मात्र वाचून दाखव. हळूहळू वाच.)

आणखी एक, हे शेवटचं. पावसाच्या आधी आगबोटी बंद होतील. एस. टी. तुला लागते. म्हणून मी आधी असं लिहिणार होतो, की बाबलीला सांग, कंपनीच्या नियमाने बघितलं तर नातू आता बसायला लागला असेल, सूनबाई बाळंतपणातून उठून हिंडूफिरू लागली, आणि इकडे मालवणात माणसाची निकड आहे, तेव्हा आईला शेवटच्या बोटीने पाठवून दे. मसुदा चांगला झाला होता. पण लिहिताना ध्यानात आलं, की कंपनी जिथून उचलायचं तिथे विचारते, जिथे ठेवायचं तिथे विचारते. शिडीला कुणी विचारत नाही. बाबलीने तुला नेलं तेव्हा त्याने मला विचारलं, सूनबाईला विचारलं. मी ट्रंक उचलली, मीही तुला विचारलं नाही. आणि आता परत बोलावतानाही मी बाबलीलाच लिहायला बसलो होतो. म्हणून तो मसुदा फाडला. नातवाला सोडून तुझा पाय निघत नसेल हे मी समजू शकतो. मुंबई म्हणालीस तरी मी रुसणार नाही, तसंच कळव, फक्त सूनबाईकडून गोड करून लिहवून घेऊ नकोस, तुझ्या तोंडचं असेल तेच यावं. मला साहेबांनी विचारलं तेव्हा मी गावाकडे बघून उत्तर दिलं. तू कुणाकडे बघू नकोस. सुभद्रा, तुका खंय रवाक बरां वाटता?